वरचा वर्ग आणि गोड बोलणे

विमानाचे तिकीट स्वस्त वर्गाचे काढावे, विमानतळावर अंमळ लवकर पोहोचावे, कपडे इस्त्रीचे असावेत, खिडकीमागच्या कर्मचाऱ्याच्या छातीवरील पट्टी वाचून त्याला नावाने हाक मारावी, ‘वरच्या वर्गात एखादी जागा मोकळी असेल तर आमचा विचार व्हावा’ एवढेच हसतमुखाने सांगावे, आणि मग पाय लांब करून, काचेच्या पेल्यातून सरबत पीत परदेशी जावे, असा एक सल्ला गेली कित्येक वर्षे प्रवासविषयक पुस्तकांतून, नियतकालिकांतून आणि परदेशस्थ भाच्या-पुतण्यांच्या बोलण्यातून ऐकू येतो. कुणी सोबत चॉकलेटचा डबा न्यावयास सांगतो. कुणी नुकतेच लग्न झाल्याची गोष्ट सहज कानावर पडेल अशी व्यवस्था करावी म्हणतो. तपशील वेगवेगळे असले तरी तत्त्व एकच आहे. रडल्याशिवाय आईदेखील पाजत नाही. तेव्हा मागावे, मात्र गोड बोलून मागावे.

हा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो ज्यांना हवाहवासा वाटतो त्यांची गरज खरी असते. नाशिक, सांगली किंवा अकोल्याचे निवृत्त शिक्षक पतिपत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला निघतात, तेव्हा पंधरा-सोळा तास गुडघे समोरच्या खुर्चीला टेकवून बसण्याची शिक्षा त्यांना भोगावी लागते. पडद्यापलीकडे, जेमतेम वीस पावलांवर, माणूस आडवा होऊन झोपू शकेल अशी आसने असतात आणि त्यांतील दोन-चार कधी कधी मोकळीही दिसतात. त्यांचे भाडे स्वस्त वर्गाच्या तिप्पट-चौपट असते. दोघांचे मिळून ते निवृत्तिवेतनाच्या कित्येक महिन्यांच्या रकमेला भिडते. अशा वेळी नुसत्या सौजन्याने तो पडदा ओलांडता येत असेल तर प्रयत्न कोण करणार नाही?

उत्तर आधीच सांगून टाकणे बरे. सौजन्याच्या बळावर वरचा वर्ग मिळण्याचे दिवस जवळजवळ संपले आहेत, आणि जे थोडे प्रसंग उरले आहेत त्यांत सौजन्याचा वाटा अगदी लहान आहे. पण हे का घडले, आणि घडले ते वाईट की बरे, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. कारण खिडकीच्या अलीकडे उभे राहून गोड बोलणे आणि पलीकडे बसलेल्याने मर्जीनुसार देणे, हा व्यवहार काही केवळ विमानतळावर चालत नाही.

रिकाम्या खुर्चीची किंमत

विनंती करणाऱ्याचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. काल न खपलेली भाजी निदान आज निम्म्या भावाने विकता येते. काल रिकामे गेलेले आसन आज कोणत्याच भावाने विकता येत नाही. प्रवासी तर विमानात आहेच. त्याला दहा रांगा पुढे बसवल्याने इंधनाचा खर्च वाढत नाही. फार तर जेवणाचे ताट थोडे महाग पडते. कंपनीचे काही न बिघडता प्रवाशाचे भले होत असेल तर नकार देणे हा निव्वळ कोतेपणा नव्हे काय? सीमांत खर्चाचा धडा नुकताच शिकलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असेच म्हणेल.

दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी मात्र जरा थांबेल. ज्यूल द्युप्युई नावाचा एक फ्रेंच अभियंता होता. पूल आणि रस्ते बांधता बांधता त्याने अर्थशास्त्रात मोलाची भर घातली. १८४९ मध्ये त्याने आगगाडीच्या तिसऱ्या वर्गासंबंधी एक मार्मिक निरीक्षण नोंदवून ठेवले. त्या काळी तिसऱ्या वर्गाचे काही डबे बिनछपराचे असत आणि बसायला लाकडी फळ्या असत. छप्पर घालण्यास जे चार पैसे लागले असते ते कंपनीजवळ नव्हते असे नाही. पण छप्पर घातले असते तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारे काही प्रवासीही तिसऱ्या वर्गात येऊन बसले असते. म्हणजे गरिबाला भिजवण्यात कंपनीला रस नव्हता. गरिबाकडे पाहून ऐपतदाराने धसका घ्यावा, एवढीच तिची इच्छा होती. आजच्या विमानातील गुडघ्यांची अडचण आणि त्या काळचे उघडे छप्पर यांचे गोत्र एकच आहे. खालच्या वर्गातील गैरसोय हा वरच्या वर्गाच्या विक्रीखर्चाचा भाग असतो.

असे असेल तर रिकामी खुर्ची फुकट देण्याचा खर्च त्या एका ताटापुरता राहत नाही. मागितल्यावर मिळते असा बोभाटा झाला, की जो आज चौपट भाडे भरतो तोही उद्या स्वस्त तिकीट काढून खिडकीशी गोड बोलू लागेल. एक खुर्ची दान केल्याने दहा खुर्च्यांची विक्री धोक्यात येते. म्हणूनच पुष्कळदा खुर्ची रिकामी उडू देणे कंपनीला फायद्याचे ठरते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो दुष्टपणा वाटतो.

हे गणित विमान कंपन्यांना पहिल्यापासून अवगत होते असे मात्र नव्हे. भाडी सरकार ठरवीत होते आणि स्पर्धा बेताची होती तोवर कर्मचाऱ्याने ओळखीच्या माणसाला पुढे बसवले तरी कोणी फारसा हिशेब विचारीत नसे. १९७२ मध्ये ब्रिटनच्या ‘बीओएसी’ कंपनीतील केन लिटलवुड यांनी एक साधा नियम मांडला: सवलतीचे तिकीट आज विकावे की पूर्ण भाड्याच्या गिऱ्हाइकासाठी ते आसन राखून ठेवावे, हे त्या गिऱ्हाइकाच्या येण्याच्या संभाव्यतेवरून ठरवावे. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेने विमानभाड्यांवरील नियंत्रण उठवले आणि हा नियम संगणकाच्या हाती गेला. मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी गुणांची योजना काढली. इतर कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. येथून रिकाम्या खुर्चीचे रूप पालटले. तोवर ती उरलेली वस्तू होती. आता ती निष्ठावान गिऱ्हाइकाला देण्याचे बक्षीस झाली. आणि बक्षीस म्हटले की ते ऐऱ्यागैऱ्याला वाटून चालत नाही.

पुढचा टप्पा अधिक रोखठोक आहे. बक्षीस म्हणून देण्यापेक्षा तीच खुर्ची शेवटच्या घटकेला थोड्या पैशांत विकली तर काय वाईट, असा विचार पुढे आला. आता अनेक कंपन्या उड्डाणाच्या आधी प्रवाशालाच विचारतात, वर बसण्यासाठी आणखी किती देता? ज्याची बोली चढी त्याला जागा. अमेरिकेतील डेल्टा कंपनीच्या अधिकाऱ्यांनी गुंतवणूकदारांपुढे मांडलेला हिशेब बोलका आहे. २०१० च्या सुमारास त्यांच्या देशांतर्गत उड्डाणांतील पहिल्या वर्गाच्या शेकडा १५ जागादेखील पैसे भरून घेतल्या जात नसत. अलीकडे ते प्रमाण शेकडा ७० च्या वर गेले. जी वस्तू दीड दशकापूर्वी बहुतांशी वाटली जात होती ती आता बहुतांशी विकली जाते. ज्या सल्ल्याचा उल्लेख आरंभी केला, तो या वाटपाच्या काळात जन्मला आणि विक्रीच्या काळातही जुन्या सवयीने दिला जात आहे.

नाव कोणाचे निघते?

तरीही काही प्रवाशांना फुकट बढती मिळते, हे नाकारता येत नाही. ती कशी मिळते ते पाहण्यासारखे आहे. काही प्रवासी ऐन वेळी येत नाहीत, या अनुभवावरून कंपन्या आसनांपेक्षा जास्त तिकिटे विकतात. एखाद्या दिवशी सगळेच येतात. खाली गर्दी आणि वर मोकळी जागा अशी स्थिती झाली, की कुणाला मागे ठेवून भरपाई देण्यापेक्षा काहींना वर चढवणे कंपनीला स्वस्त पडते. शाळेत खालच्या इयत्तेत बाकांपेक्षा मुले जास्त झाली म्हणून काहींना वरच्या इयत्तेत ढकलावे, तसलाच हा प्रकार. त्याला कृपा म्हणण्याचे कारण नाही. ती कंपनीची सोय असते.

मग ढकलायचे कुणाला? येथेही खिडकीवरच्या माणसाला फारसे विचारले जात नाही. यादी संगणक लावतो. त्या कंपनीने किती वेळा प्रवास केला आणि कोणत्या दर्जाचे सदस्यत्व मिळवले हे तो आधी पाहतो. मग तिकिटाला किती पैसे मोजले हे पाहतो, कारण स्वस्त वर्गातही तिकिटांच्या दहा-बारा तऱ्हा असतात आणि प्रत्येकीला अक्षर ठरलेले असते. अमेरिकेत तर बढतीच्या उमेदवारांची क्रमवार यादी विमानाच्या दारापाशी फलकावर झळकते. परीक्षेच्या निकालासारखी ती जो तो पाहून घेतो. आपल्याकडील विमानतळांवर कित्येक परदेशी कंपन्यांच्या खिडकीवर बसलेली व्यक्ती त्या कंपनीच्या नोकरीतही नसते. ती प्रवाशांची नोंद करून देणाऱ्या कंत्राटी संस्थेची असते. तिला नावाने हाक मारल्याने तिला बरे वाटेल, ही गोष्ट वेगळी. पण जे तिच्या हातात नाही ते ती देणार कोठून?

उरतो तो किरकोळ हिशेब. दोघांची पात्रता सारखी असली, खुर्ची मोडकी निघाली, एखाद्या कुटुंबाला एकत्र बसवण्यासाठी कुणी आपली जागा सोडली, अशा वेळी एकट्याने प्रवास करणाऱ्या शांत माणसाचे नाव पुढे येऊ शकते. ते येते म्हणून तर या सल्ल्याला पुष्टी मिळत राहते. ज्याला मिळाले तो दहा जणांना सांगतो. ज्या शंभरांना मिळाले नाही ते गप्प बसतात.

युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीत या बढतीविषयी एकच वाक्य आहे: कंपनीने स्वतःहून प्रवाशाला वरच्या वर्गात बसवले तर त्याबद्दल जादा पैसे मागता येणार नाहीत. बढती मिळण्याचा हक्क तेथेही कुणाला दिलेला नाही. वरून खाली बसवले तर काय, याबद्दल मात्र तिने टक्केवारीसह नियम घातले आहेत.

मर्जीचा तराजू

आता क्षणभर असे धरून चालू, की अधिकार पुन्हा खिडकीवरच्या माणसाच्या हाती आला. मग तो कुणाला वर पाठवील? सल्ला देणारे म्हणतात, जो सभ्यपणे बोलेल त्याला. येथेच खरी मेख आहे.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात रेद्झो मुयचिच आणि पॉल फ्रायटर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. निरनिराळ्या वंशांचे तरुण-तरुणी शहर बसमध्ये चढत, रिकामे प्रवासपत्र यंत्राला लावत आणि ते चालले नाही की, पैसे नाहीत पण अमुक थांब्यापर्यंत जायचे आहे, नेता का, असे चालकाला विचारीत. शब्द सर्वांना सारखेच शिकवलेले होते, नम्रताही सारखीच. अशा दीड हजारांवर विनंत्यांची नोंद झाली. गोऱ्या प्रवाशांना चालकांनी शेकडा ७२ वेळा फुकट नेले. काळ्या प्रवाशांना शेकडा ३६ वेळा. भारतीय दिसणाऱ्यांचे प्रमाण या दोहोंच्या मध्ये, सुमारे निम्म्यावर राहिले. अंगावर कचेरीतील साहेबी पोशाख किंवा लष्करी गणवेश चढवला की होकार वाढत. पुढे चालकांना केवळ छायाचित्रे दाखवून प्रश्न विचारला, तेव्हा काळ्या प्रवाशालाही आम्ही नेऊ, असे त्यांतील बहुसंख्यांनी सांगितले. ते खोटे बोलत होते असे समजण्याचे कारण नाही. आपली मर्जी कोणत्या दिशेने झुकते हे मर्जी वापरणाऱ्यालाच पुष्कळदा कळत नाही.

बसच्या भाड्याची ही कथा, तर चौपट किमतीच्या आसनाची काय असेल? ‘चांगले कपडे घाला’ या उपदेशाचा सरळ अर्थ असा की जो वरच्या वर्गात आधीपासून शोभतो तो वर जातो. ज्याच्या इंग्रजीत अडखळ आहे, जो धोतर-टोपी घालून किंवा जी नऊवारी नेसून आली आहे, ज्यांना ‘विचार व्हावा’ हे वाक्य नेमक्या सुरात म्हणण्याचा सराव नाही, त्यांची नम्रता त्या तराजूत हलकी भरते. नम्रतेचे बक्षीस म्हणून जे दाखवले जाते ते बऱ्याच अंशी रूपाचे, भाषेचे आणि वर्गाचे बक्षीस असते. ज्यांच्या गुडघ्यांना सर्वाधिक त्रास आहे त्यांच्यापर्यंत ते पोहोचण्याचा संभव सर्वांत कमी.

मर्जीची दुसरी बाजू याहून विदारक आहे. देण्यासाठी जसा माणूस निवडावा लागतो तसा काढून टाकण्यासाठीही निवडावा लागतो. अमेरिकेत जास्तीची तिकिटे विकली गेल्यावर कुणाला मागे ठेवायचे हे पूर्वी कर्मचारी ठरवीत. आणि जे तक्रार करणार नाहीत असे वाटे, म्हणजे वृद्ध आणि सैनिक, त्यांच्यावर ही पाळी येई, असे अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांनी लिहून ठेवले आहे. सायमन यांनी १९६८ मध्ये सुचवले, की ज्याची थांबण्याची तयारी आहे त्यानेच आपली किंमत सांगावी आणि सर्वांत कमी मागणाऱ्याला ती देऊन थांबवावे. कंपन्यांनी ही सूचना हसण्यावारी नेली. १९७८ मध्ये आल्फ्रेड कान हे अर्थशास्त्रज्ञ तेथील नागरी विमान मंडळाचे अध्यक्ष असताना, आधी स्वेच्छेने थांबणारे शोधावेत असा नियम झाला. गरीब स्वभावाच्या माणसाला त्याच्या गरीब स्वभावाचा दंड भरावा लागत होता, तो निदान काही अंशी थांबला. सौजन्याने आसन मिळते असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा. मर्जीच्या राज्यात सौजन्याने आसन गेलेलेही आहे.

एक आक्षेप येथे घेता येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. संगणकाला दया नसते. आईच्या अंत्यदर्शनासाठी धावणारा मुलगा, पायाला पट्ट्या बांधलेली म्हातारी, कडेवर मूल घेतलेली बाई यांना पाहून माणसाचे मन द्रवते. यादीचे द्रवत नाही. खिडकीवरच्या माणसाकडून सर्व अधिकार काढून घेतले तर तो केवळ शिक्का मारणारा हात उरेल. बँकेत, शाळेच्या कचेरीत, तहसिलीत बसणाऱ्या कारकुनाला हे वेगळे सांगायला नको. नियमाच्या कडेला उभे असलेले प्रकरण थोडे आत ओढून घेण्यात त्याच्या नोकरीचे जे काही समाधान असते ते असते. हे खरे आहे. पण अडचणीतल्या माणसाला दिलेली सूट आणि सुखाच्या शोधातल्या माणसाला दिलेली भेट यांत फरक केला पाहिजे. पहिलीसाठी अधिकार असावा, तो लेखी असावा, आणि तो कधी वापरला त्याची नोंद राहावी. दुसरीसाठी अधिकार ठेवला की खिडकीभोवती चॉकलेटचे डबे जमू लागतात, आणि चॉकलेटच्या डब्याला आपल्या भाषेत काय म्हणतात हे सर्वांस ठाऊक आहे.

शिवाय त्या हसण्याचाही विचार करावा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात डेल्टा कंपनीच्या हवाई सेविकांचा अभ्यास आहे. हसणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. थकवा, संताप गिळून प्रसन्न दिसण्याचे त्यांना शिक्षण दिले जाई, आणि त्या श्रमाची झीज कोणत्याही वेतनपत्रकात दिसत नसे. कंपनी हसू विकते हे त्या ग्रंथाने दाखवले. आता प्रवाशालाही हसू घेऊन बाजारात उतरण्याचा सल्ला मिळतो आहे. दोन्ही बाजूंनी ठरवून हसणारी दोन माणसे खिडकीच्या आरपार उभी, आणि मध्ये एक यादी, जिच्यावर दोघांचाही ताबा नाही!

रेल्वेचा धडा

वरच्या वर्गाची बढती मर्जीवाचून कशी देता येते, याचे उदाहरण शोधायला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. भारतीय रेल्वेने २००६ मध्ये आपोआप बढतीची योजना सुरू केली. तोवरचा रिवाज सर्वांना परिचित होता. गाडी सुटली की टी.सी.च्या मागे डब्याडब्यांतून फिरायचे, ‘साहेब, काही बघा ना’ म्हणायचे, आणि साहेबांनी बघितले तर पावती मिळाली की नाही याची चौकशी करायची नाही. नव्या योजनेत वरच्या वर्गातील रिकाम्या जागा तक्ता तयार होतानाच संगणक भरतो. आरक्षण करताना ज्यांनी बढतीला नकार दिलेला नाही आणि पूर्ण भाडे भरले आहे अशांतून तो प्रवासी निवडतो, त्यांना जादा पैसे न घेता वर चढवतो आणि त्यांच्या सुटलेल्या बाकांवर प्रतीक्षायादीतल्यांना घेतो. रेल्वेचाही यात फायदा आहे: वरची जागा वाया जात नाही आणि खालची दुसऱ्यांदा विकली जाते. शयनयानाच्या तिकिटावर वातानुकूलित डब्यात जाऊन पडलेल्या माणसाने कुणाचेही आर्जव केलेले नसते. त्याचे आडनाव, त्याचा सदरा, त्याचे इंग्रजी यांपैकी काहीही त्या यंत्राने पाहिलेले नसते.

योजना निर्दोष नव्हे. सवलतीच्या तिकिटावर प्रवास करणाऱ्यांना तिच्यातून वगळले गेले. म्हणजे ज्या ज्येष्ठांना वरच्या डब्याची खरी गरज, तेच बाहेर राहिले. (ज्येष्ठांची सवलतच मार्च २०२० मध्ये थांबवली गेली, तेव्हा हा अडसर एका विचित्र मार्गाने दूर झाला.) कुटुंबातील मंडळींना अनोळखी डब्यात जाण्याचा त्रासही कधी कधी होतो. पण खिडकीशी किंवा टी.सी.शी गोड बोलता न येणाऱ्याला समान संधी देणारी वर्गबढती या देशात कोठे असेल तर ती येथे आहे.

रेल्वेचाच याहून जुना आणि मोठा धडा कोकणातील राजापूर मतदारसंघाच्या एका प्रतिनिधीच्या नावाशी निगडित आहे. तिसरा वर्ग १९७४ मध्ये कागदोपत्री संपला, तरी लाकडी फळ्या राहिल्याच होत्या. १९७७ मध्ये प्रा. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. भौतिकशास्त्राचे हे प्राध्यापक. पहिल्या वर्गाला खाली खेचण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाला वर उचलावे अशी त्यांची भूमिका होती, आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील फळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी बसवण्याचे काम त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाले. द्युप्युईच्या फ्रेंच कंपनीने जे छप्पर हेतुपुरस्सर घातले नव्हते, ते येथे घातले गेले. रेल्वे बुडाली नाही, पहिला वर्गही ओस पडला नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या विमान कंपनीकडून ही अपेक्षा भाबडी ठरेल, असे कुणी म्हणेल. तसे असेलही. मग दोन खुर्च्यांमध्ये निदान किती अंतर असावे हे ठरवण्याचे काम कंपनीवर सोडू नये, एवढे तरी त्यातून निष्पन्न होते.

आपल्या आकाशात

देशांतर्गत प्रवासापुरते पाहिले तर हा सारा ऊहापोह बहुसंख्य प्रवाशांना बराच काळ लागूच नव्हता. २००६ मध्ये उड्डाणे सुरू करून पुढे निम्म्याहून अधिक बाजार काबीज करणाऱ्या इंडिगो कंपनीच्या विमानांत नोव्हेंबर २०२४ पर्यंत वरचा वर्गच नव्हता. एकच वर्ग, एकच गैरसोय. त्यातल्या त्यात लोकशाही म्हणावी अशी. ती लोकशाही सर्वांच्याच पचनी पडते असे नाही. मार्च २०१७ मध्ये मराठवाड्यातील एका तत्कालीन खासदारांनी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या, केवळ सामान्य वर्ग असलेल्या विमानात आपल्याला वरचा वर्ग मिळाला नाही म्हणून कर्मचाऱ्याला चपलेने मारले आणि ते वृत्तवाहिन्यांपुढे सांगितलेही. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये बेशिस्त प्रवाशांना उड्डाणबंदी करणारे नियम अस्तित्वात आले. गोड बोलणाऱ्याची आणि चप्पल उगारणाऱ्याची तुलना करणे अन्यायाचे होईल. पण खिडकीपलीकडचा माणूस मनात आणील तर नियम बाजूला ठेवू शकतो, हा समज दोघांचाही आहे.

प्रवाशाच्या हिताच्या ज्या गोष्टी गेल्या काही वर्षांत झाल्या त्या आर्जवातून झालेल्या नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम केला, की घेतलेल्या तिकिटापेक्षा खालच्या वर्गात बसवले गेल्यास देशांतर्गत प्रवाशाला करांसह तिकिटाच्या शेकडा ७५ रक्कम परत मिळावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार शेकडा ३०, ५० किंवा ७५. जास्तीची तिकिटे विकल्यामुळे पक्के आरक्षण असलेल्या प्रवाशाला घेतले नाही, तर आधी स्वेच्छेने थांबणारे विचारावेत, आणि पर्यायी विमान तासाभरात न दिल्यास भरपाई द्यावी, असा नियम त्याआधीपासून आहे. ती भरपाई विलंबानुसार १०,००० किंवा २०,००० रुपयांच्या मर्यादेत मिळते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांच्या शेजारी जागा द्यावी, असे एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगावे लागले. तोपर्यंत ती गोष्टदेखील कित्येकदा खिडकीवरच्या विनवणीवर नाही तर जादा शुल्कावर अवलंबून होती.

न्यू जर्सीला निघालेल्या त्या शिक्षक दांपत्याने या नियमांची एक प्रत पिशवीत ठेवावी. चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी, ऐन वेळेवर ठेवू नये. वरच्या वर्गाच्या आशेवर न राहता मार्गाकडेच्या दोन जागा, शौचालयाजवळची रांग किंवा शेजारची उरलेली मोकळी खुर्ची यांबद्दल मात्र खिडकीवर जरूर विचारून पाहावे. तेवढे त्या कर्मचाऱ्याच्या हाती अजून कधी कधी असते.